शब्दाचा हुद्दा वाक्यात ठरतो

दहिसर 1957 साली बृहन्मुंबईच्या हद्दीत सामील झाले, आणि पुढच्या काही दशकांत गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतून निघालेली पुष्कळ मराठी कुटुंबे अशोकवन, रावळपाडा, आनंदनगर, कांदरपाडा अशा वस्त्यांतून येथे स्थिरावली. या कुटुंबांतील आजच्या आईबापांपैकी अनेकांचे शिक्षण मराठी शाळांतून झाले, मुले मात्र इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जाऊ लागली; त्यामुळे तिन्हीसांजेला मुलाने व्याकरणाचे पुस्तक पुढ्यात आणून ठेवले, की एरवी गणित आणि भूगोल बिनदिक्कत शिकवणारी आई ‘पार्ट्स ऑफ स्पीच’ या मथळ्यापाशी थबकते आणि ‘हे क्लासच्या बाईंना विचार’ म्हणून पान उलटते. दुसरीकडे, मराठी शाळेतून दहावी उत्तीर्ण होऊन विज्ञान किंवा वाणिज्य शाखेच्या अकरावीत दाखल झालेला विद्यार्थी एकाएकी सर्वच विषय इंग्रजीतून समोर आल्यामुळे गांगरतो, आणि आपल्याला व्याकरणच येत नाही अशी समजूत करून घेऊन बाजारात मिळतील ती मार्गदर्शके पाठ करीत सुटतो. हा लेख या दोघांसाठी आहे. त्यांना सांगावयाचे ते इतकेच, की इंग्रजी शब्दांच्या जाती पाठ करावयाच्या नसून वाक्यात शोधावयाच्या असतात. आणि त्या शोधण्यासाठी जे साधन सर्वांत अधिक उपयोगी पडते, ती त्यांची मराठी, त्यांच्याजवळ आधीपासूनच आहे.

प्रथम भीती दूर केली पाहिजे. ज्याने मराठी शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद हे चार विकारी आणि क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी ही चार अव्यये मनापासून शिकली आहेत, त्याला इंग्रजीतील नाउन, प्रोनाउन, ॲडजेक्टिव्ह, व्हर्ब, ॲडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन आणि इंटरजेक्शन ही आठही मंडळी, नावे निराळी असली तरी, ओळखीचीच आहेत. हा मेळ योगायोगाने जुळलेला नाही. आपल्याकडील प्राचीन परंपरेत यास्काने शब्दांचे नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात असे चार वर्ग सांगितले, आणि पाणिनीने सुबन्त व तिङन्त अशी दोनच प्रकारची पदे मानली. आठ ही संख्या ग्रीक वैयाकरणांची. त्यांच्यापासून ती लॅटिन व्याकरणात गेली, व लॅटिन भाषेत आपल्या मराठीप्रमाणेच ‘आर्टिकल’ नावाची चीज नसल्यामुळे त्या रिकाम्या जागी तेथील पंडितांनी केवलप्रयोगी शब्दांचा वर्ग घालून आठांचा मेळ कायम राखला. इंग्रजी व्याकरणकारांनी तीच चौकट उचलली. आणि दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा संस्कृत परिभाषेबरोबर इंग्रजी व्याकरणाची घडणही त्यांच्या नजरेसमोर होती. ही चौकट मराठीला कितपत मानवते याची चिकित्सा पुढे मोरो केशव दामल्यांनी 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त मोठ्या साक्षेपाने केली, व अरविंद मंगरूळकरांसारख्या अभ्यासकांनी तिच्याविषयी मूलगामी शंकाही काढल्या. त्या वादात येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. मराठी शाळेतील व्याकरणाचा तास वाया गेलेला नाही, एवढी खातरजमा झाली म्हणजे पुरे.

मग अडते कोठे? मराठी शब्द वाक्यात येतो तो बहुधा आपल्या जातीची खूण अंगावर घेऊनच येतो. ‘झाडाला’, ‘झाडावर’ अशी रूपे दिसली की नामाविषयी संशय उरत नाही, आणि ‘पडतो’, ‘पडली’, ‘पडतील’ असे रूप फिरले की क्रियापद आपोआप उघडे पडते. जुन्या इंग्रजीतही असे प्रत्यय विपुल होते. परंतु काळाच्या ओघात ते बहुतेक झडून गेले, आणि आजच्या इंग्रजी शब्दाच्या चेहऱ्यावरून त्याची जात सांगणे पुष्कळदा अशक्य झाले. तो कचेरीत बदलीवर येणाऱ्या कारकुनासारखा आहे. ज्या मेजापाशी त्याला बसवावे त्या मेजाचा हुद्दा त्याला मिळतो, आणि उद्या मेज बदलले की हुद्दाही बदलतो. म्हणूनच ‘फास्ट हा शब्द कोणत्या जातीचा?’ हा प्रश्नच मुळात अपुरा आहे. ‘या वाक्यात तो कोणते काम करतो?’ असे विचारले पाहिजे.

हाच ‘फास्ट’ पाहा. ‘आय टुक अ फास्ट ट्रेन’ या वाक्यात तो गाडीविषयी अधिक माहिती देतो, म्हणून विशेषण. ‘द ट्रेन रन्स फास्ट’ येथे गाडी कशी धावते हे तो सांगतो, म्हणून क्रियाविशेषण. ‘माय मदर फास्ट्स ऑन एकादशी’ म्हटले की तेच अक्षर उपवास करण्याची क्रिया दाखवते आणि क्रियापद होते. व ‘हर फास्ट एंड्स ऑन द्वादशी’ येथे ते उपवासाचे नाव, म्हणजे नाम आहे. आपल्या फलाटावरचा दुसरा दाखला याहून बोलका आहे. चर्चगेटकडे जाणारी गाडी अप आणि विरारकडे जाणारी डाऊन, हे दहिसरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ‘द डाऊन ट्रेन इज लेट’ या वाक्यात ‘डाऊन’ विशेषण आहे, कारण ते ट्रेनच्या आधी बसून कोणती ट्रेन ते सांगते. ‘द बॉय फेल डाऊन’ येथे पडण्याची दिशा सांगणारे ते क्रियाविशेषण आहे. आणि ‘द बॉय रॅन डाऊन द स्टेअर्स’ येथे ते ‘स्टेअर्स’ या नामाचा वाक्याशी संबंध जोडते, म्हणून प्रिपोझिशन. शेवटच्या दोहोंतील भेद ओळखण्याची युक्ती सोपी आहे: शब्दापुढे त्याच्या ताब्यात एखादे नाम किंवा सर्वनाम आहे की नाही ते पाहावे, असेल तर प्रिपोझिशन, नसेल तर क्रियाविशेषण.

वाक्य समोर आल्यावर सुरुवात कोठून करावी, याविषयी माझे मत ठाम आहे. बहुतेक पुस्तके नामापासून आरंभ करतात, आणि मूल ‘व्यक्ती, स्थळ वा वस्तू यांचे नाव म्हणजे नाउन’ ही व्याख्या घोकून वाक्यातील नावे हुडकू लागते. परंतु ‘ऑनेस्टी’ किंवा ‘डिले’ असा शब्द आला की ती व्याख्या त्याला हात देत नाही. आरंभ क्रियापदापासून करावा. वाक्याच्या शेवटी एकदा ‘येस्टरडे’ आणि एकदा ‘टुमारो’ जोडून पाहावे. त्यासरशी जो शब्द आपले रूप बदलतो तो क्रियापद. ‘द बस स्टॉप्स हिअर’ हे वाक्य कालचे करताना ‘स्टॉप्ड’ आणि उद्याचे करताना ‘विल स्टॉप’ म्हणावे लागते, म्हणून ‘स्टॉप्स’ हे क्रियापद. ‘द बस स्टॉप इज हिअर’ या वाक्यात मात्र ‘स्टॉप’ जागचा हलत नाही, बदलतो तो ‘इज’. अर्थात येथे ‘स्टॉप’ नाम आहे. ही दोन वाक्ये मुलाला बसथांब्यावर उभे असताना सांगावीत, आणि तेथल्या तेथे काळ बदलून घ्यावा. क्रियापद एकदा हाती लागले, की उरलेले शब्द त्याच्याभोवती आपापल्या जागी दिसू लागतात. क्रिया कोण करतो, कोणावर घडते, असे विचारले की नामे आणि सर्वनामे मिळतात. नामाविषयी कसा, कोणता, किती असे विचारले की विशेषणे मिळतात. क्रियेविषयी कसे, केव्हा, कोठे असे विचारले की क्रियाविशेषणे मिळतात. हे प्रश्न खुशाल मराठीत विचारावेत. उत्तराचा शब्द इंग्रजी असला म्हणजे झाले.

आपल्या गावच्या नदीचेच एक वाक्य घेऊन हे अधिक बारकाईने पाहू: ‘द रिव्हर राइजेस निअर तुळशी लेक अँड फायनली मीट्स द सी.’ काळ बदलला की ‘राइजेस’ आणि ‘मीट्स’ ही दोन रूपे बदलतात, तेव्हा या वाक्यात क्रियापदे दोन आहेत, आणि त्यांना जोडणारे ‘अँड’ हे कंजंक्शन. उगम कोण पावते? ‘रिव्हर’, म्हणून ते नाम. कोठे? तुळशी तलावाजवळ. येथे मुलाला थांबवून विचारावे, की ‘जवळ’ हा अर्थ इंग्रजीत कोणत्या शब्दाने दाखवला. मराठीत तो ‘तलावाजवळ’ असा नामाच्या सामान्यरूपाला चिकटून मागून येतो, इंग्रजीत ‘निअर’ नामाच्या आधी आणि सुटा उभा राहतो. शब्दयोगी अव्यय आणि प्रिपोझिशन यांतील तफावत एवढीच, काम दोघांचे एकच. केव्हा मिळते? अखेर, म्हणजे ‘फायनली’, तेव्हा ते क्रियाविशेषण. आता मुलाकडून हेच वाक्य मराठीत करून घ्यावे: नदी तुळशी तलावाजवळ उगम पावते आणि अखेर समुद्राला मिळते. ‘समुद्राला’ मधील ‘ला’ कोठे गेला, असे त्याला विचारावे. इंग्रजीत ‘मीट्स’नंतर तो अध्याहृतही नाही, ज्याला हे उमगले त्याच्या हातून ‘मीट्स टू द सी’ असे लिहिले जाणार नाही. शेवटी नदीऐवजी सर्वनाम घालावयास सांगावे. मराठीत नदी ‘ती’ आहे म्हणून मूल ‘शी’ म्हणेल; परंतु इंग्रजीत निर्जीव वस्तूला साध्या गद्यात ‘इट’च म्हणतात, आणि आपल्या व्याकरणातील लिंगभेद त्या भाषेत चालत नाही, हे या एका नदीवरून जितके पटते तितके नियम सांगून पटत नाही.

मराठी ही कसोटी म्हणून कशी वापरावी, याचे सर्वांत सुंदर उदाहरण ‘इंग’ने संपणाऱ्या शब्दांचे आहे. इंग्रजीत एकच ‘रनिंग’ तीन हुद्द्यांवर बसतो, आणि पुस्तकांत त्यासाठी पार्टिसिपल, जेरंड अशी अवघड नावे दिलेली असल्यामुळे चांगले विद्यार्थीही येथे गोंधळतात. मराठीने मात्र या तिन्ही कामांसाठी तीन स्वतंत्र रूपे ठेवलेली आहेत. ‘द ट्रेन इज रनिंग लेट’ म्हणजे गाडी उशिराने धावत आहे. ‘त आहे’ आले की तो क्रियापदाचा भाग. ‘रनिंग इज गुड एक्झरसाइज’ म्हणजे धावणे हा चांगला व्यायाम आहे. ‘णे’ आले की नाम. ‘डू नॉट बोर्ड अ रनिंग ट्रेन’ म्हणजे धावत्या, धावणाऱ्या गाडीत चढू नका. ‘णारा’ आले की विशेषण. याच कसोटीने फलाटावरचे ‘वेटिंग’ लावून पाहा. ‘वेटिंग पॅसेंजर्स’ म्हणजे वाट पाहणारे प्रवासी, तेव्हा विशेषण; परंतु ‘वेटिंग रूम’ म्हणजे वाट पाहणारी खोली नव्हे, वाट पाहण्याची खोली, तेव्हा तेथील ‘वेटिंग’ मूळचे नाम. इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या, पण मराठी वाचनाची सवय सुटलेल्या मुलाला हा भेद समजावून सांगण्यास शिक्षकाला बराच वेळ लागतो. ज्याचे मराठी शाबूत आहे त्याला तो कानाने कळतो. ‘अ ब्रोकन चेअर’ आणि ‘ही हॅज ब्रोकन द चेअर’ यांनाही हाच न्याय लावावा: मोडलेली खुर्ची म्हटले की ‘लेली’मुळे विशेषण, त्याने खुर्ची मोडली आहे म्हटले की क्रियापद.

‘दॅट’ या शब्दाने तर पिढ्यानुपिढ्या विद्यार्थ्यांना छळले आहे. तोही मराठीच्या कसोटीला उतरतो. ‘दॅट शॉप’ म्हणजे ते दुकान, नामाच्या आधी बसले म्हणून विशेषण. ‘दॅट इज माय शॉप’ म्हणजे ते माझे दुकान, एकटे उभे राहिले म्हणून सर्वनाम. ‘द शॉप दॅट सेल्स बुक्स’ म्हणजे जे दुकान पुस्तके विकते ते. ‘जे’ आले की संबंधी सर्वनाम. आणि ‘आय नो दॅट ही इज इल’ म्हणजे मला ठाऊक आहे की तो आजारी आहे. ‘की’ आले की कंजंक्शन.

ही कसोटी सर्वत्र चालते असे मात्र समजू नये. ‘आफ्टर’ आणि ‘बिफोर’ येथे ती मूग गिळून बसते, कारण आपण जेवणानंतर आणि तो गेल्यानंतर या दोन्ही ठिकाणी ‘नंतर’च लावतो. इंग्रजीत ‘आफ्टर लंच’ मधील ‘आफ्टर’ प्रिपोझिशन, तर ‘आफ्टर ही लेफ्ट’ मधील ‘आफ्टर’ कंजंक्शन, कारण त्यापुढे नुसते नाम नसून कर्ता आणि क्रियापद असलेले संपूर्ण उपवाक्य आहे. अशा वेळी पुढचा मजकूर डोळ्यांनी तपासावा. त्यात क्रियापद आहे की नाही एवढाच निवाडा करावयाचा असतो.

काही ठिकाणी तर मराठी आपल्याला सरळ चकवते, आणि दहिसरपासून गडचिरोलीपर्यंतच्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत ज्या चुका पुनःपुन्हा आढळतात त्यांचे मूळ येथेच असते, म्हणून याचा थोडा विस्तार करतो. आपण ‘तो चांगला खेळतो’, ‘ती चांगली गाते’ असे म्हणतो. विशेषणाचेच रूप आपण क्रियेकडे वळवतो आणि कर्त्याच्या लिंगाप्रमाणे ते फिरवतोही. त्या सवयीने हात ‘शी सिंग्ज गुड’ लिहून जातो. इंग्रजीत ‘गुड’ने नामाविषयी बोलावे आणि क्रियेविषयी ‘वेल’ने, असा कडक शिरस्ता आहे; ‘शी इज अ गुड सिंगर’ आणि ‘शी सिंग्ज वेल’ ही जोडी मुलाच्या तोंडी बसवावी. दुसरा चकवा ‘जरी’ आणि ‘तरी’ यांचा. मराठीत जरी म्हटल्यावर तरी म्हटल्यावाचून वाक्य पुरे होत नाही, म्हणून ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ असे लिहिले जाते. इंग्रजीत दोन उपवाक्यांना जोडण्यास एकच कंजंक्शन पुरते, ‘ऑलदो’ घेतला की ‘बट’ला रजा द्यावी. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचेही तेच. तिसरा चकवा वर समुद्राच्या ‘ला’मध्ये आपण पाहिलाच. आपण एखाद्या विषयावर चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. आपण खोलीत शिरतो, म्हणून ‘एंटर इन द रूम’. आपण स्टेशनला पोचतो, म्हणून ‘रीच टू द स्टेशन’. ही तिन्ही क्रियापदे इंग्रजीत सकर्मक आहेत आणि आपले कर्म थेट घेतात. अशी क्रियापदे भेटतील तशी त्यांच्या कर्मासकट लिहून ठेवणे हाच त्यावर उपाय आहे, दुसरा नाही.

शब्दांच्या शेवटांचा उपयोग अजिबात नाही असे मात्र नव्हे. ‘काइंडनेस’, ‘पेमेंट’, ‘इन्फर्मेशन’ यांचे शेवट नामाची ग्वाही देतात; ‘केअरफुल’, ‘केअरलेस’, ‘फेमस’ यांचे शेवट विशेषणाची. ‘ली’ हा शेवट बहुधा क्रियाविशेषणाचा, परंतु त्यावर आंधळा विश्वास टाकू नये. ‘फ्रेंडली’ आणि ‘लव्हली’ ही विशेषणे आहेत, आणि ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्टाने काम करतो, तर ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करीत नाही, इतका अर्थाचा फरक एका ‘ली’ने पडतो. उच्चाराकडेही लक्ष द्यावे. ‘रेकॉर्ड’, ‘परमिट’, ‘एक्सपोर्ट’ अशा कित्येक शब्दांत आघात पहिल्या अवयवावर असेल तर नाम, दुसऱ्यावर असेल तर क्रियापद. आपल्या मराठी बोलण्यात आघाताने अर्थ बदलत नाही, त्यामुळे हा भेद आपल्या कानांना सहजी जाणवत नाही. तो मुद्दाम ऐकून, मोठ्याने म्हणून कमवावा लागतो.

‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या आर्टिकलांना जुनी पुस्तके विशेषणांत घालतात, नवी पुस्तके ‘डिटर्मिनर’ अशा स्वतंत्र वर्गात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाची व्यवस्था पाळावी आणि वाद घालू नये. शिकताना एवढे ओळखावे, की आर्टिकल दिसले म्हणजे पुढे कोठेतरी नाम असलेच पाहिजे. ‘द व्हेरी ओल्ड ब्रिज’ मध्ये नाम तीन शब्द पुढे आहे, पण आहे. केवलप्रयोगी शब्दांवर वेळ घालवू नये. ‘अलास’ आणि ‘हुर्रे’ कोणालाच अडचणीत आणत नाहीत.

आता सरावाविषयी. महाराष्ट्रातील मराठी शाळांत 2000 सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते, आणि हौशी पालक दुसरी-तिसरीतल्या मुलाकडूनही शब्दजातींची नावे म्हणवून घेतात. ते टाळावे. त्या वयात गोष्टी, गाणी आणि साधी वाक्ये यांची तालीम होऊ द्यावी. परिभाषा चौथी-पाचवीच्या सुमारास, कानाला पुरेशी वाक्ये पडल्यावर, सांगावी. नंतर एक वही करावी, तीत शब्दांच्या याद्या न करता वाक्ये लिहावीत. एका पानावर एकच शब्द घ्यावा, ‘राउंड’, ‘लाइट’, ‘स्टिल’, ‘वॉटर’ असा, आणि तो वाचनात जितक्या निरनिराळ्या हुद्द्यांवर भेटेल तितकी वाक्ये तारीख घालून त्याच पानावर उतरवीत जावीत. ‘वॉटर’ हे पान उघडल्यावर पहिल्या दिवशी पाण्याचे नामच सुचेल. ‘शी वॉटर्स द प्लांट्स’ हे वाक्य कधीतरी गोष्टीच्या पुस्तकात सापडेल, ‘वॉटर टँक’ सोसायटीच्या गच्चीवर दिसेल, आणि तेथे नाम दुसऱ्या नामाच्या आधी बसून विशेषणाचे काम करते हे ध्यानात येईल. पान भरावयास वर्ष लागले तरी चालेल.

शब्दकोश पाहण्याची रीतही शिकवली पाहिजे. बहुतेक मुले पहिला मराठी अर्थ पाहून कोश मिटतात, आणि शब्दाशेजारी बारीक अक्षरात जी जातीची खूण दिलेली असते तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती आधी पाहावी. वाक्यातील हुद्दा ठरवून मगच त्या हुद्द्याखालचा अर्थ घ्यावा. आठवी-नववीनंतर ए. एस. हॉर्नबी यांनी इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठी रचलेला ऑक्सफर्डचा कोश घरात असावा. ऑक्सफर्डने तो 1948 साली प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून त्याच्या नव्या आवृत्त्या निघत आल्या आहेत. कोणते क्रियापद कर्म थेट घेते, कोणते नाम अनेकवचनी होत नाही, ही माहिती त्यात प्रत्येक शब्दापाशी मिळते, आणि ‘इन्फर्मेशन्स’, ‘फर्निचर्स’, ‘ॲडव्हायसेस’ असल्या रूपांपासून तो विद्यार्थ्याला वाचवतो. आजोबांच्या ट्रंकेत तर्खडकरांच्या (हे दादोबा नव्हेत) ‘भाषांतर पाठमाले’चे भाग सापडले, तर तेही बाहेर काढावेत, त्यांतील काही वाक्ये जुन्या वळणाची वाटतील, परंतु मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असा दुहेरी प्रवास करून शब्दाचे काम पारखण्याची जी शिस्त त्यांत आहे, तीच या लेखात सांगितलेल्या कसोटीचा पाया आहे.

परीक्षेच्या दृष्टीने एक सूचना करून ठेवतो. शिष्यवृत्तीपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत, शब्दजातीच्या प्रश्नात अधोरेखित शब्द मुद्दाम असा निवडलेला असतो की तो नेहमीच्या हुद्द्यावर नसावा. म्हणून अधोरेखित शब्द पाहताच उत्तर लिहू नये. तो झाकून आधी वाक्याचे क्रियापद शोधावे, मग त्या मोकळ्या जागी दुसरा कोणता शब्द बसतो ते पाहावे. ‘ही केम ॲट नून, बट हिज ब्रदर केम बिफोर’ येथे ‘बिफोर’ झाकून त्याऐवजी ‘अर्लिअर’ सहज बसतो आणि पुढे नामही नाही, तेव्हा ते क्रियाविशेषण, हा निर्णय काही क्षणांत होतो.

सुटे शब्द असे ओळखता येऊ लागले, की पुढची पायरी शब्दसमूहांची. ‘आय विल कम टुमारो’ मधील ‘टुमारो’चे काम ‘इन द मॉर्निंग’ हे तीन शब्द मिळून करू शकतात, ‘व्हेन द रेन स्टॉप्स’ हे संपूर्ण उपवाक्यही करू शकते, आणि विचारावयाचा प्रश्न तिन्ही ठिकाणी ‘केव्हा?’ हाच राहतो. ज्याला हे तीन नमुने एकाच वाक्यात आलटूनपालटून बसवता येतात, त्याने रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणातील वाक्यपृथक्करणाचे प्रकरण उघडावे, रोज दोन वाक्ये घ्यावीत, आणि प्रत्येक उपवाक्याच्या समासात त्याचे काम एका शब्दात मराठीत लिहून मगच त्याचे इंग्रजी नाव लिहावे.